सीता-अशोकाचं माहेर

मी झाडांचा डीएनए तपासते. हे वाक्य एकदा सोसायटीच्या हळदीकुंकवात बोलून गेले आणि त्यानंतर आमच्या पूनम सागर वसाहतीत माझ्याकडे लोक वेगळ्या नजरेने बघायला लागले. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं आणि आवाज उतरवून विचारलं, "माणसांचाही करता का?" नाही म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं की वाईट, हे मला अजून कळलेलं नाही.

आमचे सेक्रेटरी मात्र सरळ माणूस. ते म्हणाले, "अहो, आपल्या कंपाउंडला अशोकाची रांगच आहे. लागतील तेवढी पानं न्या."

मी त्यांना सांगितलं की तो अशोक नाही. ती उंच, सरळसोट, पानं खाली लोंबणारी झाडं म्हणजे नुसता अशोकासारखा म्हणून लावलेला वेगळाच वृक्ष. खरा अशोक, म्हणजे सीता-अशोक, बुटका आणि पसरट असतो, आणि त्याला केशरी-लाल फुलांचे गुच्छ येतात, कधी कधी थेट खोडालाच. सेक्रेटरींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण आमच्या रेकॉर्डला अशोक आहे." तो विषय तिथेच संपला.

खऱ्या अशोकाची गोष्ट अशी, की त्याची साल औषधाला लागते. साल काढायची तर झाड सोलावं लागतं, आणि सोललेलं झाड बहुतेक वेळा मरतं. कोकणातल्या ओढ्यांच्या काठाने जिथे पूर्वी त्याच्या राया असायच्या, तिथे आता एखाददुसरं झाड दिसतं. ते पुन्हा लावायचं असं ठरलं, की प्रश्न येतो बी कुठून आणायचं. रोपवाटिकेत हा प्रश्न विचारला तर बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं, "ते काय, गेटजवळच्या झाडाचं." म्हणजे हजारो रोपं आणि त्यांची आई एकच. सगळी सख्खी भावंडं. एकाला जो रोग मारील तो सगळ्यांना मारणार, आणि पुढे त्यांची आपापसात लग्नं लागली की बीही कमजोर निघणार. म्हणून आम्ही कोकणभर फिरून अशोकाची पानं गोळा करत होतो. कुठली झाडं एकमेकांची जवळची, कुठली लांबची, कुणाकडे काय वेगळं आहे, हे मोजायचं आणि त्यावरून कुणाचं बी कुणाबरोबर लावायचं ते सांगायचं. एका अर्थी मी वधूवर सूचक मंडळात नोकरी करते. हे घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, तिथे पगार तरी जास्त असतो.

शहरातली झाडं घ्यायची नाहीत, असा आमच्या विभागप्रमुख मॅडमचा नियम होता. शहरातला अशोक म्हणजे नर्सरीतला अशोक. नियम बरोबर होता. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी हायवेला मेट्रोच्या कामामुळे गाड्या तुंबल्या होत्या म्हणून रिक्षावाल्याने पेणकरपाड्यातून आतला रस्ता धरला, आणि एका पत्र्याच्या छपरावर मला केशरी गुच्छ दिसले. मी रिक्षा थांबवायला सांगितली.

"मॅडम, इधर उतरना था तो पहले बोलना था," तो म्हणाला.

दोन बिल्डिंगींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत दोन बैठी घरं होती, आणि त्या दोन घरांच्या मधोमध ते झाड. खोड इतकं जाड की नर्सरी-बिर्सरीच्या काळाआधीचं असणार. एका घराच्या ओट्यावर साठी ओलांडलेल्या एक बाई कोलीम, म्हणजे बारीक जवळा, निवडत बसल्या होत्या. मी नमस्कार करून म्हटलं, "मावशी, तुमच्या झाडाची चार पानं मिळतील का?"

"कशाला?"

"तपासायला."

"झाडाला काय रोग हाय?"

"नाही हो. ते कुठलं आहे, कुणाच्या जवळचं आहे, ते बघायचंय. डीएनए."

त्यांनी हातातला कोलीम खाली ठेवला. "डीएनए म्हंजे ते, पोराचा बाप कोन ते काडतात?"

"तसंच काहीसं."

"झाडाचं?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "बाय, तू बिल्डरची का?"

मी बिल्डरची नाही, हे पटवायला मला त्यानंतर दोन शनिवार लागले. पहिल्या शनिवारी त्यांनी मला चहा दिला आणि पानं दिली नाहीत. दुसऱ्या शनिवारी शेजारच्या घरातून एक उंच, वाळके गृहस्थ बाहेर आले आणि झाडाच्या पलीकडून म्हणाले, "म्याडम, पानं पायजेत तर मी देतो. झाड आमचं हाय."

मावशी माझ्याकडे बघत, पण त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सांग त्याला, झाड माज्या सासूनी तिच्या मायेरून आनलं. वसईपलीकडून. आनि माज्या ओटीत घातलं, मी लग्न होऊन आली तवा."

ते गृहस्थही माझ्याकडेच बघून म्हणाले, "सांगा तिला, ती आली तवा झाड माझ्या कमरेएवडं व्हतं. आबांनी चेण्याच्या जंगलातून खांद्यावर आनलंय."

हे मावशींचे धाकटे दीर; आबा म्हणजे दीरांचे वडील. पूर्वी भाईंदरच्या मिठागरावर मुकादम होते. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा झाड मोजायचं राहून गेलं, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. आता दोन्ही घरं पाडून तिथे बिल्डिंग व्हायची बोलणी चालली होती, त्यामुळे झाड कुणाच्या हद्दीत हा विषय पुन्हा तापला होता. दोघांची भिंत एक, नळ एक. रोज सकाळी पाण्यासाठी दोघं शेजारी उभे राहत आणि झाडाकडे बघत.

मावशींनी शेवटी पानं दिली, पण अट घालून. "मशीनमदी घाल. निघूंदे वसईचं."

"चेण्याचं निघेल," पलीकडून आवाज आला.

मी म्हटलं, असं कोर्टासारखं काही निघत नाही, जवळपासच्या झाडांशी किती जुळतं एवढं सांगता येतं. कुणी ऐकलं नाही. खरं म्हणजे वसईपलीकडची आणि घोडबंदरकडच्या चेण्याच्या नाल्याकाठची झाडं आम्ही आधीच तपासली होती, त्यामुळे ताडून बघायला नमुने होते. दोघांचं म्हणणं तपासता येण्यासारखं होतं. ही वस्तुस्थिती मी मॅडमना सांगितली तेव्हा त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आपण आता कौटुंबिक वाद घेतो का?" पण त्यांनी नियम मोडायला परवानगी दिली, कारण खोडाचा फोटो त्यांनीही बघितला होता.

अशोकाचं पान तपासणं हे सुखाचं काम नाही. पान सिलिका जेलच्या दाण्यांत वाळवायचं, द्रवरूप नायट्रोजन ओतून खलबत्त्यात कुटायचं, आणि मग त्याच्यातून डीएनए वेगळा करायचा. अशोकाच्या पानात इतका चिकटपणा आणि इतकं तुरटपण असतं, की पहिल्या खेपेला नळीच्या तळाशी एक तपकिरी गोळा बसतो, जो डिंकाशी मिळताजुळता असतो आणि विज्ञानाला निरुपयोगी असतो. पुन्हा धुवायचं, पुन्हा यंत्रात गरगर फिरवायचं. मग प्रत्येक झाडाच्या जनुकांच्या ठरावीक जागा वाचायच्या. प्रत्येक जागेवर दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. दोन्ही सारख्या असतील तर त्या जागी झाडाकडे एकच पर्याय. वेगळ्या असतील तर दोन. बऱ्याच झाडांत बरेच पर्याय असले की त्या गटाला पुढच्या वाईट दिवसांत जगण्याची संधी जास्त. आम्ही मोजतो ते एवढंच.

निकाल आला तो वसईचा नव्हता. चेण्याचाही नव्हता.

मला वाटलं मी नळ्यांची अदलाबदल केली. दुसऱ्या पानावरून सगळं पुन्हा केलं. तेच आलं. पेणकरपाड्याचं झाड सगळ्यात जवळचं होतं ते थेट दक्षिणेकडच्या, सिंधुदुर्गातल्या एका देवराईतल्या झाडांना. शिवाय त्याच्यात दोनतीन जागी अशा प्रती होत्या, ज्या आम्हाला त्या देवराईतही सापडल्या नव्हत्या. बहुधा ज्या झाडांकडे त्या होत्या ती सोलून संपली असावीत. मॅडम खुर्चीतून उठल्या. मी त्यांच्या हाताखाली बरीच वर्षं आहे, पण निकाल बघून त्या उठलेल्या मला आठवत नाहीत.

आता हे पेणकरपाड्यात जाऊन सांगायचं होतं.

दोघांना एकत्र बसवायचं म्हणून मी झाडाखाली उभी राहिले, म्हणजे कुणाच्याच ओट्यावर जायला नको. मावशी त्यांच्या पायरीवर बसल्या, दीर त्यांच्या. मी सांगितलं. वसई नाही, चेणे नाही, झाड तळकोकणातलं.

दोघांनी मान वर करून झाडाकडे बघितलं.

"सासू माझी दक्षिनेला बोरिवलीच्या पुडं कदी गेली न्हाय," मावशी म्हणाल्या.

"आबा तर ठाण्याला बी जायला तयार नसत," दीर म्हणाले.

"तळकोकणात आपलं हाय कोन?"

"कोन न्हाय."

मी तिथे उभी होते, पण आता दोघं माझ्याकडे बघून बोलत नव्हते. एकमेकांकडे बघत होते. शेवटी दीर म्हणाले, "वैनी, मशीन बिगडलंय."

"मी तेच बोलते," मावशी म्हणाल्या. "पोरगी चांगली हाय, पन मशीन बिगडलंय."

त्यानंतर पाऊण तास ते दोघं मला समजावत होते. मिठागरावर वजनकाटा कसा बिघडायचा आणि बिघडलाय हे कुणालाच कसं कळायचं नाही, हे दीरांनी उदाहरणासह सांगितलं. मावशी मधून मधून "बरोबर हाय" म्हणत होत्या. निघताना मला दोन्ही घरांतून सुका जवळा बांधून मिळाला. आमच्या यंत्रावर अविश्वास दाखवण्याच्या कामात ते दोघं एक झाले होते, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

त्या झाडाचं बी मिळवणं हे आता आमचं मुख्य काम झालं. अडचण अशी होती की झाड दरवर्षी फुलांनी लदबदायचं आणि शेंग धरायचं नाही. मावशींच्या आठवणीत त्याला कधी नीट शेंग आली नव्हती. अशोकाला बहुधा दुसऱ्या झाडाचे पराग लागतात, आणि इथे आजूबाजूला दुसरा खरा अशोक नव्हता. आमच्या सोसायटीतला रेकॉर्डवरचा अशोक या कामी उपयोगाचा नव्हता.

मग ठरलं, की चेण्याच्या झाडांचे पराग आणून हाताने लावायचे. कुठले पराग आणायचे यावर ऑफिसात मीटिंग झाली. फार जवळचे नकोत, फार लांबचेही नकोत, आणि जी रोपं होतील ती इथल्याच मातीत लावायची आहेत. म्हणून चेणे. हे कळल्यावर दीरांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते मी विसरणार नाही.

"बगा," ते म्हणाले. "चेण्याचा संबंद हाय का न्हाय?"

"संबंद आता होतोय," मावशी म्हणाल्या. "आदी नव्हता."

पुढच्या मोसमात मी सकाळीच चेण्याला जाऊन उमलती फुलं डब्यात भरून आणली आणि शिडी लावून झाडावर चढले. शिडी दीरांनी धरली. मावशी खालून सांगत होत्या कुठला गुच्छ चांगला आहे. अशोकाच्या फुलाला पाकळ्या नसतात, नुसते लांब लाल तंतू असतात, त्यामुळे काम सोपं वाटतं आणि नसतं. आदल्या दिवशीच मी काही गुच्छांतले परागकोश खुडून त्यांना मलमलीच्या पिशव्या बांधल्या होत्या. आता एकेक पिशवी सोडायची, डब्यातलं फूल हलक्या हाताने टेकवायचं, पिशवी पुन्हा बांधायची.

"हळू टेकव," मावशी म्हणाल्या. "नवरीला कुंकू लावतेस तसं."

पांढऱ्या पिशव्या लोंबकळणारं झाड रस्त्यावरून दिसायचं. आठवड्याभरात बुंध्याशी एक नारळ आला. मग लाल धागा. मग कुणीतरी अगरबत्ती लावून गेलं. मी मावशींना म्हटलं, हे थांबवायला हवं, त्या पिशव्या म्हणजे नवस नाहीत. त्या म्हणाल्या, "राहूंदे. देवाचं झाड कोन तोडत न्हाय." या युक्तिवादात मला चूक सापडली नाही.

शेंगा धरल्या. सगळ्या गुच्छांना नाही, पण धरल्या. आधी जांभळट, चपट्या, मग फुगत गेलेल्या. मी ऑफिस सुटल्यावर बघायला जायचे. बऱ्याचदा दोघं ओट्यावर बसलेले असायचे, मावशींच्याच ओट्यावर, आणि चहा आधीच झालेला असायचा. पावसाआधी आम्ही शेंगा उतरवल्या. बिया मॅडमच्या हातात दिल्या तेव्हा त्यांनी ओंजळ धरली. हे त्यांच्या स्वभावात बसत नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर बिल्डिंगचा करार झाला. कोणी कोणाला फसवलं नाही, दोन्ही घरांना नव्या बिल्डिंगीत जागा मिळणार होती, आणि पावसात गळणाऱ्या घरात मावशींनी आणखी किती दिवस काढायचे? झाड तोडायचं नाही, मुळासकट उचलून दुसरीकडे लावायचं असं ठरलं. मी ठेकेदाराला भेटून सांगितलं की आधी काही महिने मुळं थोडी थोडी छाटून तयारी करावी लागते. तो फार नम्र माणूस होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्याच आठवड्यात क्रेन आणली.

झाड रस्त्याकडेच्या एका मोकळ्या पट्ट्यात लावलं. फांद्या छाटल्या होत्या, खोडाला गोणपाट गुंडाळलं होतं. मावशी तोवर पूनम सागरजवळ भाड्याच्या खोलीत राहायला आल्या होत्या. संध्याकाळी त्या कळशी घेऊन निघालेल्या मला दिसायच्या. एवढ्या लांब कळशीभर पाणी नेऊन काही होणार नाही, हे मला माहीत होतं. मी त्यांच्याबरोबर जायला लागले. दुसरी कळशी मी घ्यायचे. खोडाला एकदा कोवळी पालवी फुटली, तांबूस, लुळी, ओल्या फडक्यासारखी लोंबणारी. आम्ही दीरांना फोन करून बोलावलं. ते आले आणि वाकून बघत राहिले. ती पालवी उन्हाळ्यात वाळली. त्यानंतर फुटली नाही.

मावशी रडल्या नाहीत. एकदा भाजी घेताना मला म्हणाल्या, "तुज्याकडं हाय ना ते त्याचं, नळीत?"

"आहे. फ्रीजरमध्ये."

"त्यातनं परत झाड होतं का?"

"नाही होत, मावशी."

"मग ठेवलंय कशाला?"

"ओळख राहावी म्हणून."

त्यांनी मेथीची जुडी उलटीपालटी करून बघितली. "मेल्यावर कसली ओळख," म्हणाल्या, आणि जुडी परत ठेवून दिली. मी घरी येऊन स्वयंपाक केला, जेवले, आणि भांडी घासता घासता रडले. नवऱ्याने काय झालं म्हणून विचारलं. झाड मेलं, म्हटलं. त्याने उरलेली भांडी घासली.

बियांची रोपं मात्र झाली. आम्ही त्यांचीही पानं तपासली. आईकडच्या त्या दुर्मीळ प्रती बऱ्याच रोपांत उतरल्या होत्या, आणि बापाकडून चेण्याच्या निरनिराळ्या प्रती आल्या होत्या. मग इतर ठिकाणांहून आणलेल्या रोपांबरोबर, भावंडं शेजारी येणार नाहीत असा नकाशा करून, ती घोडबंदरच्या बाजूला डोंगराच्या उतारावर लावली. गेल्या वर्षी थंडीत मी मावशींना आणि दीरांना तिथे घेऊन गेले. मॅडमनी गाडी दिली आणि स्वतःही आल्या, पुढे बसून, "मला तिकडे काम आहेच" असं म्हणत. त्यांना तिकडे काम नव्हतं.

रोपं गुडघ्याच्या वर आली होती. प्रत्येकाला ॲल्युमिनियमच्या पट्टीवर नंबर. मावशींनी विचारलं, "यातली आपली कुटली?" मी नकाशा बघून दाखवायला लागले. एक इथे, एक तिकडे वर, एक ओढ्यापाशी.

"अशी लांब लांब का? एकत्र लावायची ना. भावंडं हायत."

"म्हणूनच लांब लावलीयेत," मॅडम म्हणाल्या. "पुढे त्यांची एकमेकांशी सोयरीक होऊ नये म्हणून."

मावशींनी मान डोलावली. हे त्यांना लगेच पटलं. दीर एकेका रोपापाशी वाकून नंबर मोठ्याने वाचत होते, हजेरी घेतल्यासारखे. चढ होता, मावशींना धाप लागत होती, तरी त्या सगळ्या रोपांपर्यंत गेल्या. प्रत्येकाच्या बुडाशी वाळलेलं गवत हाताने बाजूला केलं. एका रोपाची पानं कुणीतरी खाल्लेली होती.

"हे कोनी खाल्लं?"

"हरणांनी असेल," मी म्हटलं.

"खाऊंदे थोडं," त्या म्हणाल्या. मग जरा विचार करून म्हणाल्या, "फार न्हाय."

परत निघेपर्यंत ऊन कलायला आलं होतं. उतरताना मावशींनी मॅडमचा हात धरला, कारण त्यांना घसरायची भीती वाटत होती, आणि मॅडमनाही वाटत होती. दीर मागे राहिले होते. त्यांना ओढ्यापाशी एक रोप वाकडं दिसलं होतं, आणि ते त्याला आधार द्यायला एखादी सरळ काठी शोधत होते.